बगळा छाप बोट

धक्क्यावर त्याला सगळे पारखी म्हणत आणि घरातही तेच नाव रूढ झालं होतं, इतकं की बायकोसुद्धा चिडली की "अहो पारखी" अशी हाक मारायची, आणि ती हाक आली की कुठल्या तरी खरेदीवरून आपली हजेरी घेतली जाणार हे तो समजून असायचा. जुन्या बोटी विकत घेणारे लोक सौदा पक्का करण्याआधी त्याला बोलावून नेत. तो आधी बोटीभोवती एक फेरी मारायचा, मग मालकाच्या हातांकडे पाहायचा, कारण नखं कापलेली असली की इंजिनाचं तेलही वेळेवर बदललेलं असतं असं त्याचं मत होतं, आणि त्यानंतर खिशातून प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी काढून बोटीच्या अंगावर पुढच्या टोकापासून मागच्या फळीपर्यंत हळूहळू ठोकत जायचा, कान जवळ नेऊन, डोळे मिटून. फायबर निरोगी असलं की आवाज कोरडा आणि स्वच्छ यायचा, टक् टक् टक्. आत पाणी शिरून थर सुटले असले की ओल्या गादीवर हात मारावा तसा भद् असा यायचा. रंगाने काहीही झाकता येतं आणि कंपनीचं नाव हे तर रंगापेक्षाही जाड झाकण आहे, असं तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. हे वाक्य त्याला स्वतःला फार आवडायचं.

त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी बोट घ्यायची म्हटलं आणि घरात हसू की रडू असं झालं. भाऊजींनी सगळी नोकरी टपालाच्या वर्गवारीच्या खोलीत काढली होती, आणि त्या खोलीला खिडकी नव्हती. दुसऱ्यांची पत्रं दुसऱ्यांच्या गावांच्या खणांत टाकत जन्म गेला, आता मी स्वतः कुठेतरी जाऊन पोचणार, असं ते म्हणाले, आणि ते इतक्या साधेपणाने म्हणाले की कुणाला चेष्टा करता आली नाही. अडचण ताईची होती. तिला पोहता येत नव्हतं आणि गुडघ्याच्या वर पाणी आलं की तिचा जीव घाबरा व्हायचा. पण भाऊजींना एकट्याने जाऊ देणं तिला त्याहून अवघड वाटत होतं. शेवटी तिने एकच अट घातली. "बोट माझा भाऊ बघेल. तो हो म्हणाला तर मी डोळे मिटून बसेन, नाही म्हणाला तर विषय संपला."

जाहिरात सापडली ती बगळा छाप बोटीची. ही कंपनी कधीच बंद पडली होती आणि बंद पडल्यापासून तिची अब्रू वाढतच चालली होती. कंपनी चालू होती तेव्हा लोक तिच्या बिजागऱ्यांना नावं ठेवत. आता मात्र बगळा छाप म्हटलं की धक्क्यावरची जुनी माणसं आवाज खाली आणून बोलायची, तशी बोट पुन्हा होणे नाही म्हणायची, आणि ज्यांनी ती चालवलेली नव्हती ते सगळ्यात जास्त मान डोलवायचे. पारखीने या मानडोलवण्याची अनेकदा टर उडवली होती.

बोट एका पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली होती. विकणाऱ्या बाई चष्मा केसांवर चढवून, हातात फडकं घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. बोट नवऱ्याची होती एवढंच त्यांनी सांगितलं, आणि नवऱ्याचं काय झालं हे विचारावं असा त्यांचा चेहरा नव्हता. भाऊजी आत शिरले ते थेट बोटीच्या नाकाशी गेले. तिथे तळहाताएवढा पितळी बगळा एका पायावर उभा होता, घासून घासून त्याचा डोळा पुसट झालेला. "आहे बरं का, बगळा आहे!" ते ओरडले आणि ताईकडे वळून पाहिलं, आणि ताईने पारखीकडे पाहिलं.

त्या नजरेत काय होतं ते त्याला नेमकं ठाऊक होतं. लहानपणी शाळेच्या स्टेजवर तो उभा राहिला की समोर बसलेल्या ताईचे ओठ त्याच्याबरोबर हलायचे, त्याला पाठ असलेलं सगळं तिलाही पाठ असायचं, आणि तो एकदाही अडखळणार नाही याची तिला त्याच्यापेक्षा जास्त खात्री असायची. तीच ही नजर होती. त्याने पुढे होऊन बगळ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊजी, बगळा छाप म्हणजे ठोकून बघायचीसुद्धा गरज नाही. डोळे झाकून घ्या."

असं तो कुठल्याच गिऱ्हाइकासमोर कधी बोलला नव्हता. बोटीला हात लावण्याआधी बोलायचं नाही हा तर त्याच्या धंद्याचा पहिला नियम होता. पण शब्द तोंडातून गेला, भाऊजींचा चेहरा फुलला, आणि मग आता एवढं म्हटलंच आहे तर रीत म्हणून, त्याने हातोडी बाहेर काढली. उजवी बाजू स्वच्छ वाजली. डाव्या बाजूला तो पुढून मागे येत होता, आवाज टक् टक् येत होता, भाऊजी प्रत्येक ठोक्याला खुशीत मान हलवत होते, आणि मागच्या बैठकीच्या खाली, बोटीच्या तळाच्या कण्यापासून वीतभर वर, हातोडी भद् वाजली.

ती थांबली. फार नाही, बोलता बोलता एखादा शब्द आठवत नाही म्हणून माणूस थांबतो तेवढीच.

"काय झालं?" भाऊजींनी विचारलं.

"इथे जरा शंका आहे" एवढंच म्हणायचं होतं. हे चार शब्द तो परक्या लोकांना तोंडावर सांगत आला होता, त्यावरून शिव्या खात आला होता, आणि त्या शिव्यांचा त्याला अभिमान होता. पण भाऊजींचा हात अजून बगळ्यावर होता आणि ताईच्या ओठांवर हसू होतं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि हातोडी पुढे सरकली. उरलेली सगळी बोट स्वच्छ वाजली.

निघताना ताई आणि भाऊजी गाडीकडे गेले तेव्हा त्या बाई फडक्याने हात पुसत त्याच्याजवळ आल्या. "सगळे तिथे थांबतात," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"आणि मग पुढे जातात."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दाराशी एक पायरी आहे हं, असं पाहुण्याला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. पारखी हसला, बोट छान ठेवलीत म्हणाला, आणि मागे न बघता गाडीत जाऊन बसला. संध्याकाळी ताईकडे जेवताना भाऊजींनी त्याच्या कौतुकाचा पाढा सुरू केला आणि ताईने त्याच्या ताटात न विचारता आणखी वाढलं. त्याला लाज वाटली, इतकी की घास गिळताना कानशिलं तापली, पण लाज वाटत असतानाही तो मान खाली घालून जेवत राहिला आणि भाऊजींच्या विनोदांना हसत राहिला.

सकाळी सांगून टाकू असं ठरवून तो झोपला, पण भाऊजींनी रात्रीच फोन करून सौदा पक्का केला होता. मग त्याने दुसरी वाट काढली. बोट धक्क्यावर आली की गुपचूप ती जागा उघडायची, सुकवायची, नवे थर चढवायचे आणि बगळा छापला एक जास्तीचा हात दिला की आयुष्य वाढतं, अशी काहीतरी थाप मारायची. म्हणजे दुरुस्तीही खोटं बोलूनच करायची होती, हे त्याच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर त्याने ते बाजूला ठेवलं.

बोट आली. तो हत्यारं घेऊन एकटाच गेला, मागच्या बैठकीखाली वाकला आणि ठोकलं. टक्.

त्याने पुन्हा ठोकलं, बोटभर वर, बोटभर खाली, हातोडी बदलून, हात बदलून. आवाज कोरडा आणि स्वच्छ येत होता. ओल मोजायचं यंत्र लावलं तर काटा हलायला तयार नाही. शेवटी त्याने लंब्याला बोलावलं. लंब्या याच धंद्यातला, उंचीमुळे बोटींच्या आत नेहमी डोकं आपटून घेणारा, पण कानाचा पक्का होता. त्याने सगळी बोट ठोकून पाहिली आणि म्हणाला, "घंटा आहे रे नुसती घंटा. मेव्हण्याला चांगली बोट मिळाली म्हणून तुझ्या पोटात दुखतंय काय?"

पारखीला इतकं हलकं वाटलं की तो लंब्याबरोबर मोठ्याने हसला. चहा पिताना मात्र त्याला जाणवलं की ताई वाचली म्हणून आपल्याला आनंद झालेला नाही, आपलं नाव वाचलं म्हणून झालाय. चहा त्याने तसाच ठेवला.

त्यानंतर एका डॉक्टरांनी त्याला बोट बघायला नेलं. वेगळी कंपनी, वेगळी बांधणी, जेमतेम वापरलेली. डाव्या बाजूला, मागच्या बैठकीच्या खाली, कण्यापासून वीतभर वर आवाज आला भद्. या वेळी त्याच्या डोक्यावर कुणाच्या कौतुकाचं ओझं नव्हतं. उलट मागचं काहीतरी फेडून टाकायचं असल्यासारखा तो जरा जास्तच जोरात म्हणाला, "इथे पाणी आहे. उघडा." विकणाऱ्याने पैज लावल्यासारखी करवत आणली आणि तुकडा कापून काढला. आत खडूसारखं कोरडं होतं. कापलेल्या भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता आणि सगळे त्या उजेडाकडे बघत उभे होते. डॉक्टर सभ्य गृहस्थ होते, चुका होतात म्हणाले, पण परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या बोटीलाही त्याच जागी तो आवाज आला, आणि तिथेही त्याने तोंड उघडलं, आणि तिथेही आत काही निघालं नाही. त्यानंतर मात्र त्याने कानाला खडा लावला.

आता तो आवाज प्रत्येक बोटीत होता. लाकडी होडीत होता, लोखंडी पडावात होता, कारखान्यातून थेट आलेल्या, अजून पाण्याचा स्पर्शही न झालेल्या बोटीत होता, आणि नेहमी तिथेच. त्याच्या हाताला ती जागा पाठ झाली. तिथे आलं की हातोडी आपोआप थांबायची, गिऱ्हाईक विचारायचं काय झालं, तो म्हणायचा काही नाही, आणि पुढे जायचा. आश्चर्य म्हणजे त्याचा धंदा वाढला. त्याच्या त्या थांबण्याचीच ख्याती झाली. लोक म्हणू लागले की पारखी मध्येच थांबून असं काही ऐकतो की ते दुसऱ्या कुणाला ऐकूच येत नाही. हळूहळू लोक त्याला हातोडीही काढू देईनात, तुम्ही नुसतं हो म्हणा, तुमचा शब्द पुरे, असं म्हणू लागले, आणि लंब्या एकदा पाठीवर थाप मारायला हात उचलत म्हणाला, "तू आता बगळा छाप झालास बाबा." पारखी चटकन बाजूला झाला. लंब्याचा हात हवेतच राहिला.

घरी तो दारं ठोकून बघू लागला. आधी कपाट, मग स्वयंपाकघराचं दार, मग खाटेच्या डोक्याकडची फळी. प्रत्येकात कुठेतरी डाव्या अंगाला ती जागा निघायची. बायकोने काही दिवस चालू दिलं आणि एकदा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो पारखी, आता दारालाही सर्टिफिकेट देणार का?"

"तू ठोक," तो म्हणाला. "इथे. आणि इथे."

तिने बोटाच्या पेराने ठोकलं. "सारखंच वाजतंय की."

त्यालाही ते सारखंच ऐकू आलं. मग त्याच जागी त्याने स्वतः ठोकलं, तर भद्, आणि त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, पण तिचं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे गेलं होतं. काही वेळाने ती आतूनच म्हणाली, "आणि हल्ली सारखं भिंतीला पाठ टेकून का बसता हो? रंग जातोय भिंतीचा."

या सगळ्या काळात ताईची बोट मात्र राणीसारखी होती. भाऊजींनी तिला निळा पट्टा मारला, ताईने उशांना अभ्रे शिवले, जवळपासच्या दोन-चार फेऱ्याही झाल्या, आणि ताई खरोखरच डोळे मिटून बसली असं भाऊजींनी फोनवर हसत सांगितलं. आता त्यांनी लांबचा बेत आखला होता. किनारा सोडून, दिवसभर जमीन दिसणार नाही असा. निघायच्या आदल्या दुपारी ताईने त्याला धक्क्यावर बोलावलं. एकदा तुझा हात फिरव बोटीवरून, मग आम्ही निर्धास्त, असा निरोप होता.

तो पोचला तेव्हा भाऊजी डिझेल आणायला गेले होते. ताई आत बैठकीवर बसून अभ्र्याची सुटलेली शिवण घालत होती. नुकत्याच लावलेल्या वॉर्निशचा वास सगळीकडे भरला होता. त्याने खिशात हात घातला आणि हातोडी न काढता तसाच उभा राहिला.

"बस," ताई म्हणाली. तिने दोरा दाताने तोडला. "तू त्या दिवशी थांबला होतास."

"कधी?"

"शेडमध्ये. इथे." तिने पायाने बैठकीखालची जागा दाखवली, अगदी नेमकी. "मी बघत होते तुझ्याकडे. तू लहानपणी ओळ विसरलास की तोंड जसं करायचास, तसं केलंस. यांना नाही कळलं. मला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू सांगशील. रात्री जेवताना वाटलं, मग बोट आणली तेव्हा वाटलं, मग म्हटलं, आपला भाऊ आहे, सांगितल्याशिवाय आपल्याला पाण्यात घालायचा नाही." तिचा आवाज चढला नव्हता. ती अभ्रा गुडघ्यावर पसरून सारखा करत होती. "प्रत्येक फेरीला मी इथेच बसते. याच जागेवर. डोळे मिटून."

तो तिच्या शेजारी बसला. लाज म्हणजे काय ते त्याला आजवर कळलंच नव्हतं. जेवताना तापलेली कानशिलं, डॉक्टरांच्या गाडीतली शांतता, हे सगळं किरकोळ होतं. तिला पहिल्या क्षणापासून माहीत होतं, आणि ती त्याच्या शब्दावर नाही, तो खरं सांगेल या आशेवर पाण्यात बसत आली होती.

"आता तिथे काही नाही, ताई," तो म्हणाला. "मी तपासलंय. लंब्यानेही तपासलं."

"आता नाही," ती म्हणाली. "तेव्हा होतं?"

हे खरं बोलायचं ठिकाण होतं, आणि त्याने बोलायचं ठरवलंही. भाऊजींना थांबवू, हसं झालं तर होऊ दे, उद्याचं जाणं रद्द करू, सगळ्या बोटींबद्दल सांगू, दारांबद्दल सांगू. त्याने तोंड उघडलं आणि वॉर्निशचा वास घशात गेला. खोकला आला तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, तो वाकला, हातांनी बैठकीची कड धरली.

"अरे, अरे, हळू," ताई म्हणाली, आणि अभ्रा बाजूला टाकून त्याच्या पाठीवर हात मारू लागली, लहानपणी पाणी नाकात गेलं की मारायची तसाच, तळवा किंचित वाकवून, मानेपासून खाली, उजवीकडून डावीकडे. त्याला तिला थांबवायचं होतं पण श्वास नव्हता. टक्, टक्, टक्. तिचा हात खाली येत होता. डाव्या बरगड्यांच्या मागे, कण्यापासून वीतभर अंतरावर तो एकदा पडला आणि थांबला.

खोकलाही थांबला. पाण्याने बोट किंचित हलली. ताईने त्याच जागी पुन्हा एकदा, अगदी हलकेच, हात मारून पाहिला.

"काय झालं, ताई?" त्याने मान न वळवता विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि तिचा हात पुढे सरकला.